मागावें, पण कसें?

“धर्माची गाय आणि दांत कां नाय” ही म्हण आपल्याकडे लहानथोरांच्या तोंडीं आहे. दान म्हणून मिळालेल्या गाईचे दांत मोजीत बसणाऱ्या मनुष्याची थट्टा करण्याकरितां ती रूढ झाली. परंतु तो मनुष्य आपल्या प्रत्येकाच्या अंगांत थोडाथोडा वास करून असतो, असें आम्हांस वाटतें. पैसे मोजून घेतलेली वस्तु वाईट निघाली तर आपण दुकानदाराशीं चार शब्द बोलून गप्प बसतों. फुकट मिळालेली वस्तु मनासारखी नसली म्हणजे मात्र देणाऱ्याच्या नांवानें खडे फोडतों. ह्या स्वभावाचा विचार आज एका विशेष क्षेत्राच्या संबंधांत करावा, असा आमचा हेतु आहे. तें क्षेत्र म्हणजे संगणकावरील मुक्त सॉफ्टवेअर होय.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकीं पुष्कळांस ह्या नांवाची ओळख नसली तरी त्या वस्तूची ओळख आहे. ज्या लिबरऑफिसमध्यें निबंध टाइप करितां येतो, ज्या व्हीएलसीवर चित्रफिती पाहतां येतात, ज्या फायरफॉक्समधून माहिती शोधतां येते, आणि घरच्या अँड्रॉइड मोबाइलच्या अगदीं तळाशीं जें लिनक्स निमूटपणें काम करीत असतें, तीं सर्व ह्याच जातीचीं. सॉफ्टवेअर म्हणजे यंत्रानें काय करावें हें सांगणाऱ्या आज्ञांची मालिका. पुष्कळ कंपन्या ती मालिका गुप्त ठेवितात आणि वापरण्याची परवानगी तेवढी विकतात. मुक्त सॉफ्टवेअरचे कर्ते ह्याच्या अगदीं उलट वागतात. मूळ आज्ञा उघड्या ठेवून ते म्हणतात कीं, ही मालिका हव्या त्या कामासाठीं चालवा, तिचा अभ्यास करा, तींत फेरफार करा, आणि मूळची किंवा सुधारलेली प्रत दुसऱ्यास द्या. अमेरिकेंतील रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं ‘ग्नू’ ह्या प्रकल्पाची घोषणा केली, तेव्हांपासून ह्या विचारास चळवळीचें स्वरूप आलें.

ह्या दानाबरोबर जो परवाना मिळतो त्यांत बहुधा एक कलम असतें, आणि तें सहसा कोणी वाचीत नाहीं. वस्तु जशी आहे तशी दिली आहे, तिची कोणतीही हमी घेतलेली नाहीं, असा त्याचा आशय. १९९१ च्या ऑगस्टमध्यें हेलसिंकी येथील लिनस टॉरव्हाल्ड्स ह्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानें, आपण संगणक चालविणारी एक नवी प्रणाली तयार करीत आहों, असें संगणकप्रेमी मंडळीस कळविलें. हीच पुढें लिनक्स म्हणून प्रसिद्ध झाली. त्या लहानशा पत्रांत त्यानें लोकांस कोणत्या सोयी हव्या आहेत तें विचारलें, आणि सूचनांचें स्वागत असलें तरी त्या अमलांत आणीनच असें वचन देत नाहीं, असेंही तेथेंच लिहून टाकिलें. आमच्या मतें ह्या एका वाक्यांत देणारा व घेणारा यांच्या नात्याचा सारा कायदा येऊन गेला आहे. विचारण्यास मोकळीक आहे. हक्कानें वसूल करण्यास नाहीं.

परंतु व्यवहारांत काय दिसतें? अशी कल्पना करा कीं, एक गृहस्थ दिवसभर नोकरी करितो आणि रात्रीं मुलें निजल्यावर तासभर बसून आपल्या सॉफ्टवेअरमधील दोष काढितो. सकाळीं त्यास लोकांचीं पत्रें येऊन पडलेलीं दिसतात. “अमुक सोय अजून कां नाहीं?” “तीन महिने झाले, तुम्ही झोपलां आहांत काय?” “ही सोय दिली नाहीं तर आम्ही दुसरें सॉफ्टवेअर घेऊं.” ह्यांतील शेवटची धमकी तर मोठी मौजेची आहे, कारण जो एक पैसाही देत नाहीं, त्याच्या जाण्यानें देणाऱ्याचें गिऱ्हाईक कसें तुटणार?

उन्हाळ्यांत रस्त्याच्या कडेस कोणी पाणपोई घालतो. वाटसरू पाणी पितो, तोंडावरून हात फिरवितो आणि पुढें जातो. तेथें उभें राहून “सरबत कां ठेविलें नाहीं?” असें विचारणाऱ्यास आपण काय म्हणूं? ह्यावर कोणी असा आक्षेप घेईल कीं, पाणपोई घातली म्हणजे पाणी स्वच्छ ठेवण्याची जबाबदारी घालणाऱ्यावर येतेच. हें म्हणणें आम्हांस पूर्णपणें मान्य आहे. रांजणांत किडे दिसले तर तें सांगितलेंच पाहिजे, आणि ऐकणाऱ्यानें त्याचा राग मानूं नये. जो आपलें काम लोकांपुढें ठेवितो त्यानें लोकांस फसवूं नये, ठाऊक असलेला धोका लपवूं नये, आणि काम सोडावयाचें झाल्यास तसें उघड सांगावें, एवढी अपेक्षा वाजवी आहे. ह्यापलीकडचें जें जें कांहीं आपण मागतों तें सरबत होय. सरबत मागूंच नये असें नाहीं. पण तें सरबत आहे ह्याची जाणीव मागतांना असावी.

ह्या विषयाचें मर्म समजण्यास भंडारा जिल्ह्यांतील माणसास फार दूर जावयास नको. आपला जिल्हा तलावांचा. आसगांवच्या मुलास तलावाची पाळ म्हणजे काय आणि सांडवा म्हणजे काय हें शिकवावें लागत नाहीं. कोहळी समाजाच्या कसबी लोकांनीं आणि जुन्या मालगुजारांनीं बांधलेल्या तलावांच्या पाण्यावर ह्या भागांतील धानाची शेती उभी राहिली. गांवकऱ्यांस त्या पाण्याचा निस्तार हक्क होता. परंतु पाळ फुटली तर मातीची पाटी उचलणें आणि गाळ साचला तर तो काढणें हेंही त्याच गांवाच्या अंगावर होतें. पुढें १९५० च्या कायद्यानें मालगुजारी नष्ट झाली आणि तलाव सरकारकडे गेले. त्या वेळीं हा मुलूख मध्यप्रदेश राज्यांत होता. मालगुजारी आणि तिच्याबरोबरची वेठ गेली हें न्याय्यच झालें. परंतु तिच्याबरोबर आणखी एक गोष्ट गेली. पाण्याचा हक्क लोकांच्या स्मरणांत राहिला, मातीची पाटी मात्र विस्मरणांत गेली. दुरुस्ती हें ‘सरकारचें काम’ झालें, आणि ज्यांस आज आपण मामा तलाव म्हणतों त्यांपैकीं पुष्कळ गाळानें उथळ होत गेले.

मुक्त सॉफ्टवेअर हाही असाच एक सामायिक तलाव आहे, आणि परवान्यांत लिहिलेलीं स्वातंत्र्यें हा त्याचा निस्तार हक्क. मात्र दोहोंमध्यें एक मोठा भेद आहे. तलावाचें पाणी एका शेतांत गेलें कीं दुसऱ्या शेतास तितकें कमी पडतें. सॉफ्टवेअर दहा जणांनीं वापरलें काय आणि दहा कोटींनीं वापरलें काय, तें तसूभरही कमी होत नाहीं. म्हणून लोक समजतात कीं, येथें आटण्यासारखें कांहींच नाहीं. ही समजूत चुकीची आहे. येथें आटतो तो सांभाळणाऱ्याचा वेळ, आणि त्याहूनही लवकर आटतो तो त्याचा उत्साह. प्रत येणारास फुकट देतां येते, पण प्रत्येक तक्रार वाचण्यास कोणाच्या तरी आयुष्यांतील कांहीं मिनिटें खर्ची पडतात. हक्क आहे तो वस्तूच्या वापरावर; दुसऱ्याच्या रात्रीवर आपला हक्क कोणत्याही परवान्यानें दिलेला नाहीं.

हा केवळ शिष्टाचाराचा प्रश्न असता तर आम्ही त्यावर एवढी शाई खर्च केली नसती. त्यांत सर्वांच्या सुरक्षिततेचा प्रश्न गुंतलेला आहे. संगणकांतील संदेश गुप्त ठेवण्याचें काम करणारें ओपनएसएसएल नांवाचें मुक्त सॉफ्टवेअर जगांतील असंख्य बँका व कंपन्या वापरीत होत्या. २०१४ च्या एप्रिलमध्यें त्यांत ‘हार्टब्लीड’ नांवाचा भयंकर दोष सांपडला, तेव्हां लोकांस कळलें कीं, हें काम मूठभर माणसें करीत होतीं आणि त्यांस मिळणाऱ्या देणग्या वर्षास सुमारें २,००० डॉलर एवढ्याच होत्या. अपेक्षा साऱ्या जगाची, आणि हातभार एका लहान दुकानाच्या भाड्याइतकाही नाहीं!

दुसरी हकीकत याहून बोधप्रद आहे. माहितीचा आकार लहान करून सांठविणारें ‘एक्सझेड’ नांवाचें एक सॉफ्टवेअर लिनक्सच्या बहुतेक संगणकांवर असतें. फिनलंडमधील लासे कोलिन नांवाचे गृहस्थ तें अनेक वर्षें मुख्यतः एकटे सांभाळीत होते. २०२२ सालीं त्यांच्याकडे तगाद्याचीं पत्रें येऊं लागलीं: काम फार हळू चालतें, सुधारणा पडून आहेत, तुम्हांस जमत नसेल तर दुसऱ्याच्या हातीं द्या. हें बिनपगारी छंदाचें काम आहे आणि आपलें मनःस्वास्थ्य ठीक नाहीं, असें त्यांनीं शांतपणें कळविलें. त्याच सुमारास ‘जिआ टॅन’ ह्या नांवानें वावरणारा एक मदतनीस पुढें आला, त्यानें विश्वास संपादन केला, आणि हळूहळू त्याच्याकडे अधिकार गेले. २०२४ च्या आरंभीं त्याच नांवानें त्या सॉफ्टवेअरमध्यें एक चोरदरवाजा बसविला गेला. आंद्रेस फ्रॉइंड ह्या अभियंत्यास दूरच्या संगणकांत प्रवेश करण्यास नेहमीपेक्षां सुमारें अर्धा सेकंद अधिक लागतो असें आढळलें. त्या अर्ध्या सेकंदाचा त्यांनीं पाठपुरावा केला आणि २०२४ च्या मार्चअखेर कट उघडकीस आला. एरवीं जगांतील किती यंत्रें परक्याच्या हातीं गेलीं असतीं याची कल्पनाच करवत नाहीं.

तगाद्याचीं तीं पत्रेंही कटाचाच भाग असावीं, असा जाणत्यांचा तर्क आहे. तो खरा मानला तर आपणां सर्वांस लाज वाटावी अशी गोष्ट त्यांतून निघते. चोरांनीं जो वेष घेतला तो असंतुष्ट वापरकर्त्याचा होता. आणि तो वेष इतका नित्याच्या पाहण्यांतला होता कीं, कोणास संशयही आला नाहीं. उद्धट मागणी हा जर क्वचित् आढळणारा प्रकार असता, तर तो त्या वेळींच डोळ्यांत भरला असता.

इतकें वाचून एखादा सरळ मनाचा विद्यार्थी म्हणेल, “तर मग कांहीं मागूंच नये, मिळेल तें गोड मानून घ्यावें.” आमचें मत तसें नाहीं. किंबहुना मराठी माणसाच्या बाबतींत गप्प बसणें हाही दोषच होय. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. ‘आचार्यांना’ बोलाविलें तर पाठशाळेंतून कोणी येईल आणि ‘आचाऱ्यांना’ बोलाविलें तर स्वयंपाकघरांतून. हा भेद र ह्या अक्षराच्या दोन अर्ध्या रूपांवर अवलंबून आहे, आणि हेलसिंकीच्या किंवा कॅलिफोर्नियाच्या गृहस्थास तो स्वप्नांतही सुचणार नाहीं. आपल्या वळणाचे ल आणि श हिंदी वळणाहून निराळे आहेत, हेंही त्यास कोण सांगणार? आपण सांगितलें नाहीं तर कोणीच सांगणार नाहीं, आणि मग आपली भाषा संगणकावर मोडकी दिसली तर त्याचा दोष देणाऱ्याकडे जात नाहीं.

योग्य रीतीनें मागितल्यास काय होतें, त्याचीं उदाहरणें आपल्या लिपीच्या इतिहासांतच आहेत. संगणकांत प्रत्येक अक्षरास एक ठराविक क्रमांक असतो, आणि ते क्रमांक युनिकोड ही संस्था ठरविते. मुक्त असो वा विकतचें, प्रत्येक सॉफ्टवेअर त्यांवर विसंबून असतें. ‘ॲप’ व ‘ॲसिड’ यांसारख्या शब्दांतील ‘ॲ’ ह्या मराठी अक्षरास स्वतंत्र क्रमांक २००८ सालीं मिळाला. तोंवर अ-वर चंद्र चढवून कसेंबसें काम चालवावें लागे. मोडी लिपीस युनिकोडमध्यें स्थान मिळालें तें २०१४ सालीं. त्यासाठीं अंशुमन पांडे ह्या संशोधकांनीं जो प्रस्ताव केला त्यांत अक्षरांचा तक्ता, लिपीचे नियम आणि जुन्या लेखांतील नमुने त्यांनीं एकत्र करून दिले. ‘आमच्या पूर्वजांची लिपि आहे, ताबडतोब घ्या’ असें लिहून हें काम झालें नसतें. मागणाऱ्यानें निम्मे कष्ट स्वतः केले, म्हणून देणाऱ्यास उरलेले निम्मे करितां आले.

तेव्हां मागावें तें कसें, ह्याविषयीं चार व्यावहारिक गोष्टी सांगतों. पहिली ही कीं, मागण्यापूर्वीं शोधावें. हवी असलेली सोय पुष्कळदां आधींच दिलेली असते, किंवा तीच मागणी दुसऱ्या कोणी केलेली असते. तीच गोष्ट शंभरदां सांगितल्यानें ती शंभरपट लवकर होत नाहीं. दुसरी ही कीं, नेमकें सांगावें. “मराठी नीट चालत नाहीं, लवकर दुरुस्त करा” ह्या पत्रांतून वाचणाऱ्यास कांहींच कळत नाहीं. त्याऐवजीं सॉफ्टवेअरची अमुक आवृत्ति, अमुक टंक, ‘दऱ्या’ हा शब्द टाइप केला असतां र चा पाय मोडलेला दिसतो, दिसावयास हवा तो असा, आणि हें पडद्याचें चित्र, असें लिहिलें तर दोष अर्धा सुटल्यासारखाच होतो. तिसरी गोष्ट, उपाय सांगण्यापूर्वीं अडचण सांगावी. कोठें कळ हवी हें आपण सांगूं नये. आपलें काम कोठें अडतें तें सांगावें, कारण त्याहून चांगला मार्ग कर्त्यास ठाऊक असूं शकतो. आणि चौथी, पत्राच्या शेवटीं आपण काय करूं शकतों तें लिहावें. नवी आवृत्ति तपासून पाहणें, मराठी शब्द सुचविणें, मदतीचें एखादें पान मराठींत आणणें, यांस संगणकशास्त्राची पदवी लागत नाहीं. मुंबईच्या आयआयटीच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ उपक्रमांत मुक्त सॉफ्टवेअरचे पाठ मराठींतही ऐकावयास मिळतात. तेही कोणी तरी बसून मराठींत आणले आहेत. इंग्रजी मोडकी असली म्हणून कोणी हंसत नाहीं. उद्धटपणा मात्र कोणत्याही भाषेंत कळतो.

इतकें करूनही ‘नाहीं’ असें उत्तर आलें तर? तें उत्तर देण्याचा कर्त्यास अधिकार आहे, आणि कित्येकदां तेंच योग्य असतें. प्रत्येकाची सोय घालीत गेल्यास सॉफ्टवेअरची गत, सगळ्या पाहुण्यांच्या आवडीचें मीठ घातलेल्या वरणासारखी होईल. परंतु मुक्त सॉफ्टवेअरचा मोठेपणा असा कीं, येथें नकार हा शेवट नसतो. ओपनऑफिस हें सॉफ्टवेअर ज्या कंपनीकडे होतें ती २०१० सालीं ओरॅकलनें विकत घेतली. नव्या मालकाच्या कारभाराविषयीं अस्वस्थ झालेल्या कार्यकर्त्यांनीं केवळ तक्रारींत वेळ न दवडितां त्याच वर्षाच्या सप्टेंबरमध्यें मूळ आज्ञा घेऊन वेगळी चूल मांडिली. तेंच आजचें लिबरऑफिस. ज्यास पटत नाहीं त्यास निघून जाण्याची, एवढेंच नव्हे तर सर्व सामान बरोबर घेऊन जाण्याची येथें मुभा आहे. मात्र पुढें पाळ आपणच राखावयाची असते.

येथें एक भेद ध्यानांत ठेविला पाहिजे, नाहीं तर आमच्या लिहिण्याचा विपर्यास होईल. आर्जव करावयाचें तें दान देणाऱ्यापुढें. ज्यानें मोल घेतलें आहे त्याच्यापुढें हक्कानें बोलण्यास कसलीच हरकत नाहीं. सरकारी कार्यालयांत मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यावें असें धोरण भारत सरकारनें २०१५ सालीं जाहीर केलें. हें उत्तमच झालें. परंतु जें वापरतां त्याच्या देखभालीसाठीं कांहीं देतां काय, हा प्रश्न नागरिकांनीं सरकारास अवश्य विचारावा. कारण तेथें कर आपला आहे. मोठ्या कंपन्यांसही हाच प्रश्न लागू आहे. बंगळूरच्या झेरोधा कंपनीनें अशा कामांसाठीं दरवर्षीं १० लाख डॉलर देण्याचा निधि २०२४ सालीं जाहीर केला, हें अनुकरणीय होय. आमचा अनुभव असा कीं, लोक नेमकें उलट करितात: बलवान् कंपनीपुढें मान तुकवितात आणि एकट्या दात्यावर डोळे वटारतात.

आमच्या वाचकांपैकीं कित्येक उद्यां नागपुरास किंवा पुण्यास शिकावयास जातील, आणि कांहीं स्वतःच असें सॉफ्टवेअर लिहूं लागतील. त्या वेळीं त्यांच्याकडे अनोळखी माणसांचीं पत्रें येतील. ज्यानें स्वतः कधीं नीट मागितलें आहे त्यासच नीट नाकारतां येतें आणि नीट देतांही येतें. त्याची सुरुवात आजच करावी. ह्या वर्षीं संगणकावर मराठी लिहितांना जो दोष तुम्हांस दिसेल, तो वहींत टिपून ठेवा. शब्द, टंक आणि आवृत्ति यांसह. मग दोघा-तिघांनीं बसून एक पत्र तयार करा, शिक्षकांस दाखवा, आणि योग्य ठिकाणीं पाठवा. पत्राचा आरंभ आभारांनीं करावयास विसरूं नका. कारण जो ते वाचील त्यानें ह्यापूर्वींच आपल्यासाठीं पुष्कळ केलेलें आहे.